हळदीच्या कॅप्सूलवर स्टेंट सोपवू नका

“हृदयविकाराचं खरं कारण कोलेस्टेरॉल नाही, शरीरातली सूज आहे. हळद आणि फिश ऑइलच्या कॅप्सूल घ्या. सीआरपी उतरला की गोळ्या बंद.” हा मेसेज या महिन्यात सांगलीतल्या माझ्या औषधाच्या दुकानात चौघांनी दाखवला. (सीआरपी म्हणजे शरीरात सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन.) त्यातले एक काका मार्केट यार्डात हळदीचे व्यापारी. हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, बसून पाच महिने झालेले, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी आठ दिवसांपासून बंद.

सुजेचा हृदयविकाराशी संबंध आहे, हे खरं. २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत झटका येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले दहा हजारांवर रुग्ण होते. सूज रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅब इंजेक्शनच्या मधल्या मात्रेनं झटका, पक्षाघात, हृदयविकारानं मृत्यू हे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटलं. पण त्यातले बहुतेक रुग्ण कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, स्टॅटिन, घेतच होते. म्हणजे ‘कोलेस्टेरॉल नाही, सूज’ हे त्या चाचणीतून निघतच नाही. शिवाय इंजेक्शन घेणाऱ्यांत जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले.

सीआरपी उतरला म्हणजे धोका टळला, हेही चूक. कोल्चिसिन या सूज कमी करणाऱ्या गोळीचा २०१९ मध्ये फायदा दिसला होता, पण २०२४ मध्ये जाहीर झालेल्या क्लिअर चाचणीत सीआरपी उतरूनही झटके कमी झाले नाहीत.

आता हळद. काका म्हणाले, “हळदीत जलम गेला माझा, तिनं काय वंगाळ हुतंय व्हय?” आमटीतल्या हळदीनं काहीच नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा औषधी मानला जाणारा घटक, असतं तीनेक टक्के, आणि तेही आतड्यातून नीट शोषलं जात नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये काळ्या मिरीचा अर्क घालतात. छोट्या अभ्यासांत कर्क्युमिननं सीआरपी थोडा उतरलेला दिसतो, झटके कमी झाल्याचं मात्र कुठल्याही मोठ्या चाचणीनं दाखवलेलं नाही. २०२२ मध्ये हळद, लसूण, दालचिनी, फिश ऑइल यांची ५ मिलिग्रॅम रोसुवास्टॅटिन या स्टॅटिनशी तुलना झाली. ती चाचणी २८ दिवसांची होती आणि हृदयविकार नसलेल्यांवर होती, हे सांगायलाच हवं. रोसुवास्टॅटिननं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे ३८ टक्के उतरलं. हळदीसारख्या पूरकांपैकी एकही औषध नसलेल्या रिकाम्या गोळीच्या पुढे गेलं नाही.

फिश ऑइलच्या साध्या हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ओमेगा-३ बहुधा तीनशेच मिलिग्रॅम असतं. २०१८ मध्ये फायदा दिसला तो ईपीए या एकाच ओमेगा-३ च्या शुद्ध औषधाचा, रोज ४ ग्रॅम, स्टॅटिनच्या जोडीनं. २०२० च्या स्ट्रेंथ चाचणीत तेवढ्याच मात्रेत ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा-३ चं मिश्रण देऊनही फायदा झाला नाही. दोन्हीकडे हृदयाची अनियमित धडधड मात्र वाढली.

आणि ‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’? दाट अर्काच्या हळदीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. पण मला त्याहून भीती वाटते ती बंद केलेल्या गोळीची. नव्या स्टेंटमध्ये गुठळी धरली तर ती काही मिनिटांत जीव घेऊ शकते.

मी काकांना तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. कॅप्सूलची बाटली पिशवीत घालून ते दाखवायला गेले.