खुलासा: स्पॅनिंग ट्री बंद करू नका

‘पीसीला नेटवर्क मिळायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून स्विचवरचं स्पॅनिंग ट्री बंद करा’ असा मेसेज फिरतोय. उशीर खरा आहे, उपाय मात्र घातक. स्पॅनिंग ट्री म्हणजे स्विचमधल्या (अनेक उपकरणं केबलने जोडणारी पेटी) जोडण्यांचं वर्तुळ होऊ न देणारी सोय. तिच्या मूळ ८०२.१डी मानकानुसार स्विचचा पोर्ट (केबल जोडायची जागा) सुरू होण्याआधी लिसनिंग आणि लर्निंग या दोन टप्प्यांमध्ये प्रत्येकी १५ सेकंद थांबतो, तेच हे ३० सेकंद. पण इथरनेट फ्रेमला (स्विचमधून जाणारा डेटाचा तुकडा) आयपी पॅकेटसारखी टीटीएल, म्हणजे किती टप्प्यांनंतर तो टाकून द्यायचा ही मर्यादा, नसते. स्पॅनिंग ट्री बंद असताना दोन स्विचमध्ये कुणी चुकून दुसरी केबल जोडली, की ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेल्या) फ्रेम फिरतच राहतात, त्यांच्या प्रती वाढत जातात आणि अख्खं नेटवर्क बसतं. लॅबमध्ये दोन सुटे स्विच घेऊन हे कुणालाही पडताळता येईल.

उशीर नको असेल तर फक्त पीसीच्या पोर्टवर पोर्टफास्ट (हे थांबणं टाळणारी सेटिंग) आणि बीपीडीयू गार्ड (तिथे चुकून स्विच जोडला तर पोर्ट बंद करणारी सेटिंग) लावा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.