मैदानावर सांगायचं कुणाला?

आमच्या जुन्या कबड्डी खेळाडूंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर २०२३ साली महिनोन्‌महिने एकच विषय चालला होता. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर महिला खेळाडूंच्या लैंगिक छळाचा आरोप करत जानेवारीत कुस्तीपटू विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले, एप्रिलमध्ये पुन्हा बसले, आणि २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना तिथून उचललं. ग्रुपवर दोन तट पडले. एकाला खेळाडू खरे वाटत होते, दुसऱ्याला त्यामागे राजकारण दिसत होतं. मी इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला बसून सगळं वाचत होते. त्या खटल्याचं जे व्हायचं ते न्यायालयात होईल. मला वेगळीच गोष्ट अस्वस्थ करत होती. ग्रुपवरचे बरेच जण आज क्रीडाशिक्षक आहेत, कुणी मंडळात प्रशिक्षक आहे, कुणी जिल्हा संघटनेवर. आपल्याच संघातल्या चौदा वर्षांच्या मुलीवर अशी वेळ आली तर ती कुणाकडे जाईल, हे मात्र त्या सगळ्या वादात एकानेही विचारलं नाही.

त्या वेळी मेरी कोमच्या अध्यक्षतेखाली सरकारने देखरेख समिती नेमली होती. कुस्ती महासंघात कायद्याप्रमाणे तक्रार समितीच नव्हती, हे त्या समितीच्या कामातून पुढे आलं. नंतर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने इतर महासंघांनाही नोटिसा पाठवल्या, कारण देशातल्या जवळपास निम्म्या क्रीडा महासंघांकडे नियमाप्रमाणे समिती नव्हती. दिल्लीतल्या महासंघांची ही गत असेल, तर तालुक्याच्या मैदानावर काय असणार?

आपल्याकडे कायदे कमी आहेत असं मात्र नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ‘कामाच्या ठिकाणा’च्या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, संकुल आणि स्पर्धेची जागा स्पष्टपणे लिहिलेली आहे. पीडित स्त्री कोणत्याही वयाची असू शकते आणि ती तिथे नोकरीला असलीच पाहिजे असंही नाही. दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना सारखंच संरक्षण देतो, आणि गुन्हा कळूनही गप्प बसणाऱ्यालाही त्यात शिक्षा आहे. इंग्लंडमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूशी प्रशिक्षकाने संबंध ठेवणं हा गुन्हा ठरला तो २०२२ मध्ये! या बाबतीत कागदावर आपण दहा वर्षं पुढे होतो. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात आता सुरक्षित खेळाच्या धोरणाचीही तरतूद आली आहे.

कायदा आहे. त्या कायद्यापर्यंत मुलीला घेऊन जाणारं माणूस मैदानावर नाही.

इथे मी एका छोट्या क्रिकेट क्लबच्या मुलांच्या विभागात बालसुरक्षा अधिकारी म्हणून काम करते. बिनपगारी काम आहे, नाव मोठं वाटतं एवढंच. मुलं खेळतात त्या, क्रिकेट बोर्डाशी संलग्न असलेल्या प्रत्येक क्लबला असं एक माणूस नेमावंच लागतं. माझं नाव, फोटो आणि फोन नंबर पॅव्हिलियनच्या दारावर आणि मुलींच्या चेंजिंग रूमच्या बाहेर लावलेला असतो. खाली राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर, म्हणजे माझ्यावरही विश्वास नसेल तर दुसरी वाट मोकळी. प्रशिक्षकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासल्याशिवाय तो मुलांना शिकवायला उभा राहत नाही, आणि ही तपासणी काही वर्षांनी पुन्हा होते. प्रशिक्षकाने मुलाला एकट्याला मेसेज करायचा नाही, पालक त्यात हवेत. मोठ्यांनी मुलांबरोबर कपडे बदलायचे नाहीत. बाहेरगावच्या सामन्याला एकटं मूल आणि एकच मोठा माणूस गाडीत, असं शक्यतो होऊ द्यायचं नाही. वेगवान गोलंदाजाने कोणत्या वयात किती षटकं टाकायची यालाही मर्यादा आहे. मला हाही मुलांच्या हक्काचाच भाग वाटतो: त्यांच्या शरीरावर आपल्या जिंकण्याच्या हौसेचा हक्क नाही.

ही व्यवस्था इथल्या लोकांच्या चांगुलपणातून आलेली नाही. १९९५ मध्ये ब्रिटनच्या ऑलिंपिक जलतरण संघाचा माजी प्रशिक्षक पॉल हिक्सन याला खेळाडूंवरच्या अत्याचारांसाठी १७ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा खेळाच्या जगाला पहिला मोठा धक्का बसला. २००१ मध्ये खेळातल्या बालसंरक्षणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. तरी खरा स्फोट व्हायचा होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये माजी फुटबॉलपटू अँडी वुडवर्डने आपल्या लहानपणच्या प्रशिक्षकाने, बॅरी बेनेलने, केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल स्वतःचं नाव देऊन सांगितलं, आणि त्याच्या पाठोपाठ शेकडो पुरुष बोलते झाले. पुरुष, चाळिशी-पन्नाशीतले, ज्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. या अत्याचारांच्या चौकशीनंतर आलेल्या २०२१ च्या शेल्डन अहवालाने इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या अपयशावर बोट ठेवलं: १९९५ नंतर धोका स्पष्ट दिसत असताना पाच वर्षं पुरेशी पावलं उचलली गेली नाहीत. म्हणून ‘आपल्याकडे मुलग्यांना काय होतंय’ असं कुणी म्हणालं की मला वुडवर्ड आठवतो. तालमीत राहणारा, आईवडिलांपासून लांब असलेला बारा वर्षांचा मल्ल मुलगा असला तरी मूलच आहे.

गावाकडच्या मित्रमैत्रिणींशी यावर बोलले की तीन उत्तरं हमखास येतात. पहिलं, तिकडे पैसा आहे. पण दारावर लावलेल्या कागदाला पैसा लागत नाही, आणि हे काम सांभाळणारी माणसं इथेही फुकटच राबतात. दुसरं, आपला खेळ अंगाला भिडणारा आहे. कुस्तीत, कबड्डीत वस्तादाने हात लावल्याशिवाय पकड शिकवायची कशी? हा प्रश्न खरा आहे, पण तो ज्युदोच्याही मैदानावर येतो आणि त्याचं उत्तर साधं आहे: कुठे आणि कशासाठी धरतोय ते आधी सांगायचं, सगळ्यांसमोर शिकवायचं, आणि मूल नको म्हणालं तर थांबायचं. तिसरं उत्तर मात्र मला जास्त सतावतं. गुरूवर संशय घ्यायचा का? माझ्या सरांनी पहाटे पाच वाजता मैदानावर पाणी मारून आम्हाला घडवलं. त्यांच्यावर संशय घ्यायचा विचारही मनात येत नाही. नियम त्यांच्याविरुद्ध नाहीच. चांगल्या प्रशिक्षकाला हा नियम खोट्या आरोपापासूनही वाचवतो, कारण त्याच्याभोवती सगळं उघड्यावर घडतं.

आणि आपल्याकडे प्रशिक्षकाच्या हातात इथल्यापेक्षा कितीतरी जास्त सत्ता आहे. शालेय स्पर्धा तालुक्यापासून जिल्हा, विभाग, राज्य अशी चढत जाते. त्यावर दहावी-बारावीचे वाढीव गुण मिळतात, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीसाठी ते प्रमाणपत्र म्हणजे पोलीस भरतीचा दरवाजा असतो. संघात कुणाला घ्यायचं ते सर ठरवणार, प्रमाणपत्रावर सही संघटनेची. अशा वेळी तक्रार केली तर करिअर संपलं, हे त्या मुलीला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. तिने घरी सांगितलं तर घरचे आधी मैदान बंद करतील. मग ती कुणालाच सांगत नाही. खेळ सोडून देते, आणि आपण म्हणतो, दहावीनंतर मुली टिकत नाहीत.

इथलं सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. क्रिकेटपटू अझीम रफीकने यॉर्कशायर क्लबमधला वंशद्वेष २०२० मध्ये जाहीरपणे मांडला. त्यानंतर नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०२३ च्या अहवालात इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये वंशभेद, लिंगभेद आणि वर्गभेद खोलवर रुजल्याचं लिहिलं. माझ्या क्लबच्या मैदानाशेजारच्या वस्तीतली मुलं कुंपणाबाहेरून सामना बघतात, कारण फी, बॅट, पॅड, आणि आईवडिलांची गाडी हे सगळं त्यांना परवडत नाही. खेळणं हा मुलाचा हक्क आहे, असं १९८९ च्या बालहक्क करारात लिहिलंय आणि ब्रिटनने त्यावर सही केलीय. या बाबतीत सांगली-साताऱ्याचं मैदान आजही उदार आहे. खो-खोला दोन खांब आणि मोकळी जागा पुरते. मला अभिमान आहे त्याचा. म्हणूनच वाटतं, जी पोर फुकट आत येऊ शकते, तिला आत आल्यावर सुरक्षितही वाटलं पाहिजे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले. फाशीची मागणी झाली. राग समजतो, मलाही आला. पण विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा शासन निर्णय त्याआधीच, २०२२ मध्ये निघाला होता. आपल्या शाळेत ती समिती आहे का, तिच्यात कोण आहे, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे विचारायला मोर्चा लागत नाही. पालकसभेला गेलं तरी पुरतं.

तेव्हा माझं मागणं आमच्या ग्रुपवरच्याच माणसांकडे आहे, दिल्लीकडे नाही. पावसाळ्यात शालेय स्पर्धांचे प्रवेश अर्ज भरले जातात. त्या अर्जावर संघासोबत येणाऱ्या शिक्षिकेचं नाव आणि नंबर घ्या. मुक्कामी मुलींची खोली आतून बंद होते का, ते मुली पोहोचायच्या आधी कुणीतरी जाऊन बघा. तालीम असो की संकुल, दारावर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर ठळक लिहा. जिल्हा संघटनेत तक्रार ऐकायला असं माणूस नेमा, ज्याच्या हातात संघनिवडही नाही आणि प्रमाणपत्राची सहीही नाही. एखादी निवृत्त शिक्षिका चालेल, जुनी खेळाडू चालेल, दवाखान्यातली नर्स चालेल. आणि पहिल्याच सराव शिबिरात तिला मुलांसमोर उभं करून तिचं नाव सांगा.