‘तोटा फक्त प्रीमियमपुरता’ यातलं ‘फक्त’

परवा दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली विचारलं, “सोयाबीनच्या पट्टीचे ६० हजार आलेत, टाकू का?” मेसेज असा: ‘बँकेत पैसा सडतो. ऑप्शनमध्ये तोटा फक्त प्रीमियमपुरता, नफ्याला मर्यादा नाही. शेअरचा पीकविमाच समजा. सेबीमान्य. रोज हजार रुपये सहज.’ लातूरच्या मोंढ्यातल्या दोघांनीही मला तोच पाठवला. आता एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा लिहूनच टाकतो.

आधी तो ‘फक्त’. ऑप्शन दोन प्रकारचे: कॉल म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क, पुट म्हणजे विकण्याचा. त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम, आणि हक्काला मुदत असते. समजा निफ्टी, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, २५,००० वर आहे. वर जाईल म्हणून दाजींनी २५,२०० चा कॉल ८० रुपयांना घेतला. लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावाच लागणारा गठ्ठा, ७५ चा धरला तर गेले ६,००० रुपये. मुदतीच्या दिवशी निफ्टी २५,१५० वर बंद झाला. दाजींचा अंदाज बरोबर, निफ्टी वर गेलाच, तरी हातात शून्य. २५,२८० च्या पुढे गेला तरच नफा सुरू, तोही ब्रोकरेज आणि कर वजा जाता. सोयाबीनला भाव नसला तर पोती घरात ठेवून दोन महिने वाट पाहता येते. ऑप्शनला मुदतीनंतर थांबताच येत नाही, आणि मुदत जवळ येईल तशी त्याची किंमत रोज झिजते. असे दहा ‘फक्त’ झाले की ६० हजार संपले. शिवाय तोटा मर्यादित असतो तो घेणाऱ्याचा. कॉल विकणाऱ्याच्या तोट्याला मर्यादा नाही, हे मेसेजमध्ये कुठंच नाही.

‘पीकविमा’ यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. तुमच्याकडे शेअर असतील आणि ते पडतील या भीतीने पुट घेतला, तर तो विमाच. पण दाजींकडे एकही शेअर नाही. त्यांच्याकडे सोयाबीन आहे आणि हरभरा पेरायचाय. या दोन्ही मालांचे वायदे (फ्युचर्स, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला पुरे करायचे सौदे) सेबीने, म्हणजे शेअर आणि वायदे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि पुढे बंदीला मुदतवाढ दिली. स्वतःच्या पिकाच्या भावाला आधार घ्यायची वाट बंद झाली, आणि त्याच शेतकऱ्याला निफ्टीत ‘विमा’ काढायला सांगतात!

‘सेबीमान्य’ म्हणे. मग सेबी काय म्हणते तेही वाचा. सप्टेंबर २०२४ च्या तिच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १ कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा खर्चासह माणशी सुमारे २ लाख. खर्च वजा जाता १ लाखाच्या वर कमावणारे जेमतेम १ टक्का. दहापैकी नऊ जण तोट्यात जातात, ही सूचना ब्रोकरच्या ॲपवर दाखवणं सेबीने सक्तीचं केलंय. ‘रोज हजार’ला वेगळं उत्तर द्यायची गरज उरत नाही.

राहिलं बँकेत सडणं. दाजी, हरभऱ्याचं बी आणि खत याच ६० हजारांतून आणायचंय. आहे तिथंच राहू द्या ते.