‘भांडवल लागत नाही’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘नोकरी सोडा, सेवा व्यवसाय करा. भांडवल लागत नाही. माल भरायचा नाही, म्हणजे तोटाही नाही. सुरुवातीला दर निम्मे ठेवा, गिऱ्हाइकं तुटून पडतील. नोंदणीचं मोठं झाल्यावर बघा. आणि नाशिककरांनो, सिंहस्थ तोंडावर आहे. आता नाही तर कधी?’

हा मेसेज महिन्याभरात माझ्याकडे पाच ठिकाणांहून आला. पाचव्यांदा भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, राजीनामा देऊ का?’ तो आयटीआय झालाय, सातपूरला एका कारखान्यात कंत्राटी आहे, हात चांगला आहे. मी नाशिकच्या सिडकोत राहून चौदा वर्षं एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतोय. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण या मेसेजवर विसंबून नोकरी सोडायला निघालेला तो एकटा नसेल.

भांडवल लागत नाही म्हणे. माझ्या कामाला गेज, व्हॅक्यूम पंप, फ्लेअरिंग टूल, जेट पंप, क्लॅम्प मीटर, ड्रिल, शिडी आणि गॅसचा वजनकाटा लागतो. गॅसही एक नाही. जुन्या मशीनला आर-22, मधल्या काळातल्यांना आर-410ए, नव्यांना आर-32. हा शेवटचा पेट घेऊ शकतो, त्यामुळे तिथे अर्धवट हत्यारांनी काम करणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या घराशी खेळ. पण हत्यारं एकदाच घ्यायची. खरं भांडवल लागतं ते घर चालवायला. नाशिकला एसीचा सीझन होळीपासून जूनच्या मध्यापर्यंत. मृग बरसला की फोन थंड. त्यानंतरचे तीन-चार महिने किराणा, भाडं, मुलांची फी कुठून भरणार, याचं उत्तर आधी हातात हवं. मुद्रा योजनेत 2015 पासून शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, पण ते कर्ज आहे. त्याचा हप्ता पावसाळ्यातही भरावा लागतो.

‘माल नाही म्हणजे तोटा नाही’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. आपला माल म्हणजे आपला वेळ, आणि तो कोथिंबिरीपेक्षा लवकर खराब होतो. पिंपळगावच्या शेतकऱ्याची द्राक्षं भावात बसली नाहीत, तर निदान बेदाणे करता येतात. रिकाम्या गेलेल्या दुपारचं काहीच करता येत नाही.

त्यावर निम्म्या दराचा सल्ला. कागदावर मांडून बघा. इंदिरानगर, तिथून नाशिकरोड, मग गंगापूर रोड असं फिरताना द्वारकेच्या चौकातच किती वेळ जातो हे नाशिककराला सांगायला नको. दिवसाला चार कॉल झाले तरी खूप. समजा एका सर्व्हिसचे 500 रुपये, म्हणजे 2,000 आले. हेल्परची हजेरी 600, पेट्रोल आणि किरकोळ सामान 200. हातात 1,200. आता दर 250 करा. आले 1,000, खर्च तोच 800, हातात उरले 200. दर निम्मा केला आणि कमाई सहावा हिस्सा झाली. त्यात एखाद्या मशीनमधून पाणी गळतंय म्हणून दुसऱ्या दिवशी फुकट फेरी मारावी लागली, की तेही गेले. शिवाय सोसायटीच्या ग्रुपवर तुमचे 250 एकदा नोंदले गेले की पुढच्या वर्षी 500 मागताना तुम्हीच लुटारू ठरता. नव्या माणसाने दर इतरांएवढाच ठेवावा, वेळेवर जावं, काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला दाखवावा. माझी कामं याच गोष्टींवर वाढली.

नोंदणीबाबत मेसेज अर्धा खरा आहे. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हे बरोबर. पण उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी होणारी नोंद, पहिल्याच आठवड्यात करा. 1 जुलै 2020 पासून ती सरकारी पोर्टलवर आधारवरून होते आणि तिला एक रुपयाही फी नाही. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती बंद करा.

हे मी पोळून शिकलोय. काही वर्षांपूर्वी अंबडच्या एका कारखान्यातल्या केबिनांच्या एसीचं काम केलं. बिल अकरा महिने अडकलं. रोज गेटवर बसून यायचो. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. मी नोंदणीच केलेली नव्हती. आणि नंतर केलेली नोंदणी आधीच्या कामाला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं आहे. आता तर 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून आयकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च देणाऱ्याला वजा करून मिळत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. मेसेज जे ‘मोठं झाल्यावर’ करायला सांगतो, त्याची गरज लहान असतानाच जास्त असते.

राहिला सिंहस्थ. 2015 मध्ये मी याच धंद्यात होतो. पर्वणीच्या दिवशी पंचवटीतल्या एका लॉजचा फोन आला, तीन खोल्यांचे एसी बंद. शहरात गाड्यांना बंदी, जागोजागी बॅरिकेड. पाठीवर गेज आणि पंप घेऊन मी चालत निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत आलो. पुढची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये आहेत, म्हणजे पुन्हा ऐन पावसाळ्यात. आमच्या धंद्याला काम मिळेल ते त्याआधी: पंचवटीत, त्र्यंबकला खोल्या वाढवणाऱ्या लॉजची मशीनं बसवणं, देखभालीचे वर्षाचे करार करणं. तेही निम्मी रक्कम आगाऊ घेऊन.

भाच्याने राजीनामा दिलेला नाही. उद्यम नोंदणीचं मी त्याला सांगून ठेवलंय. दर रविवारी तो माझ्याबरोबर कॉलवर येतो. स्वतःची तीन गिऱ्हाइकं झाली आहेत त्याची, आणि तिघांनीही पूर्ण दर दिलाय. दिवाळीपर्यंत वर्षाचे वीस करार झाले तर पुन्हा बसून बोलायचं, असं आमचं ठरलंय.