फायर एनओसी ‘आयुष्यभराची’ असते म्हणे!

“फायर एनओसी (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला) एकदा मिळाली की आयुष्यभर चालते. फॉर्म ‘बी’ ही एजन्सीवाल्यांची लूट. फायर पंप बंद ठेवा, बिल वाचवा. टाकीचं पाणी उन्हाळ्यात वापरा. तपासणीवाल्यांकडे कोर्टाचा आदेश मागा. आपल्याकडे आगी लागतातच कुठे?” हा मेसेज नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या काकाजींपर्यंत पोचला. ते सोसायटीचे सचिव. देखभालीचं कंत्राटच मोडायला निघाले होते, म्हणून हे लिहिणं आलं.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 उघडा, कलम 3 वाचा. यंत्रणा बसवली की सुटलो, असं नाही. ती चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, आणि तसं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. तोच फॉर्म ‘बी’. तो परवानाधारक एजन्सीच देऊ शकते. परवाना राज्याचे अग्निशमन सेवा संचालक देतात. गल्लीतला इलेक्ट्रिशियन चालत नाही.

लुटीचं म्हणाल, तर काही एजन्सीवाले पंपरूममध्ये पायही न ठेवता सही ठोकतात, सिलिंडरवर नवं स्टिकर डकवून चालते होतात. हे कबूल. मग एजन्सी बदला ना! परवाना पाहा, व्हॉल्व्ह समोर उघडायला लावा.

पण पंप बंद ठेवायचा सल्ला? कमाल आहे बाप्पा! लाइनमध्ये पाण्याचा कायम दाब हवा, तो जॉकी पंप हा छोटा पंप राखतो. हायड्रंट, म्हणजे आग विझवायचा नळ, उघडला की दाब पडतो आणि मुख्य पंप आपोआप सुरू होतो. एरवी तो चालतच नाही, मग बिल कशाचं वाचवता? काकाजींच्या पंपरूममध्ये जाऊन पाहिलं: गेजचा काटा शून्यावर, पॅनेलचा स्विच ‘ऑफ’, आणि फायरच्या टाकीत टिल्लू पंप सोडलेला, कूलर भरायला. म्हणजे मे महिन्यात घरोघरी कूलर-एसी सुरू, वायरिंग तापलेली, शॉर्टसर्किटचे दिवस नेमके तेच, आणि तेव्हाच टाकी कोरडी. सातव्या मजल्यावर नोझल धरलेल्या माणसाच्या हाती नुसती हवा.

आगी लागतातच कुठे? 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 10 बाळं गेली. भंडारा काय लांब आहे?

तपासणीला कोर्टाचा आदेश वगैरे काही लागत नाही, तो अधिकार द्यायला याच कायद्याचं कलम 5 पुरेसं आहे. कलम 36 ही वाचा: कायदा मोडला तर सहा महिने ते तीन वर्षं सक्तमजुरी, वर 20 ते 50 हजार दंड. मेसेज पाठवणारा तो भरायला येणार नाही.