पाहुण्यांचे फोटो

नाशिकमध्ये घर असलेल्या माणसाकडे वर्षभर पाहुणे असतात आणि त्यांतील प्रत्येकाला पंचवटीत स्वतःचा फोटो हवा असतो. आमच्या घरात हे खाते माझ्याकडे आले आहे, कारण मला छायाचित्रणातले थोडेफार कळते असा बभ्रा आईने सगळ्या नातेवाइकांत करून ठेवला आहे.

पहिली अडचण न्याहारीपासूनच सुरू होते. मिसळ खाल्ल्याशिवाय पाहुणा घाटाकडे वळत नाही, आणि तर्रीचा हात पुसायच्या आत मामा आपला मोबाईल माझ्या स्वाधीन करतात. भिंगावर तेलकट अंगठा उमटला की उजेड पसरतो आणि भर मे महिन्यात रामकुंडावर धुके उतरते. मामांना ते मंगल वाटते. मी मुकाट्याने सुती रुमाल काढतो.

खरी कसोटी लागते ती काळाराम मंदिराबाहेर. सरदार रंगराव ओढेकरांनी १८व्या शतकात बांधलेले हे मंदिर काळ्या पाषाणाचे आहे, आणि कॅमेऱ्याची तर ठाम समजूत असते की जगातले कोणतेही दृश्य सरासरीने मध्यम करडेच असते. त्यामुळे चौकटीत काळा दगड मावेनासा झाला की तो उजेड वाढवतो, दगड राखाडी होतो आणि मामांची पांढरी टोपी आभाळात विरून जाते. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेडाची पट्टी किंचित खाली ओढली की टोपी आणि पाषाण दोन्ही ठिकाणावर येतात. परंतु मामींना ते मंजूर नसते. "दगडाचं काय घेऊन बसलास? मला उजळ येऊ दे," असे त्या म्हणतात, आणि या युक्तिवादाला छायाचित्रणाच्या कोणत्याही पुस्तकात उत्तर दिलेले नाही.

भर बारा वाजता डोक्यावरचे ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळोख करते, म्हणून मी सर्वांना सावलीत बोलावतो, "इथे उजेड कुठाय?" असे म्हणत सर्व जण पुन्हा उन्हात जातात.

समूहचित्राची गोष्ट याहून नाजूक आहे. मोबाईलचे नेहमीचे भिंग रुंद कोनाचे असल्यामुळे कडेला उभा राहिलेला माणूस आडवा ताणला जातो, आणि हे रहस्य मी एकदा बोलून गेल्यापासून कडेला उभे राहायला कोणीही तयार होत नाही. चार पावले मागे जाऊन दुप्पट झूम करावे, हा शास्त्रशुद्ध उपाय आहे. मात्र गोदाघाटावर मागे पायऱ्या असतात आणि पायऱ्यांमागे गंगा. त्यातही कोणाचे तरी डोळे मिटतातच, म्हणून मी ओळीने सात-आठ फोटो घेतो आणि संध्याकाळी सगळे जण मान डोलावतील असा एक निवडून ठेवतो.

मामी भलताच निवडतात. त्यात बाकी सर्वांचे डोळे मिटलेले असतात, पण मामी छान आलेल्या असतात. मग त्या सगळे नातेवाईक, रामकुंड आणि उरलेली पंचवटी कातरून टाकतात आणि तेवढा चेहरा व्हॉट्सॲपला लावतात.