स्टेनलेसला लागलेला डाग

स्टेनलेसचा पाइप गंजला, अशी तक्रार घेऊन मी वेल्डिंग शिकवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी पाइपकडे पाहिलंच नाही; माझ्या हातातल्या वायर ब्रशकडे पाहिलं.

"यानं आधी काय घासलंस?"

"एमएसचं, म्हणजे साध्या लोखंडाचं गेट."

काकांनी डोळे मिटले. गंज पाइपचा नव्हताच, ब्रशनं त्यावर नेऊन चोपडलेल्या साध्या लोखंडाच्या कणांचा होता. स्टेनलेसचा ब्रश वेगळा, ग्राइंडरची चाकतीसुद्धा वेगळी. एवढं कडक सोवळं मी माणसांतही पाहिलेलं नाही.

या धातूचा सगळा तोरा क्रोमियम ऑक्साइडच्या थरावर, आणि तो जाडीला जेमतेम काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनवर आपला आपण भरून येतो. पण साधारण ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये पाइप रेंगाळला की क्रोमियमचा कार्बनवर जीव जडतो. दोघं धातूच्याच स्फटिक-कणांच्या कडेला संसार थाटतात आणि शेजारची जागा क्रोमियमविना उघडी पडते. म्हणून वेल्डिंगला ३०४एल किंवा ३१६एल ग्रेडचा पाइप घ्यायचा, कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. त्यातला 'एल' म्हणजे 'लो', कमी कार्बन; 'लार्ज' नव्हे, हे मला दुकानातून परत आल्यावर कळलं.

दुसरा जोड बाहेरून देखणा झाला. निळ्या-जांभळ्या छटा पाहून मी फोटोही काढला. काका म्हणाले, "हे इंद्रधनुष्य नाही, पंचनामा आहे." मग त्यांनी पाइपच्या आत बॅटरी मारली. आत काळं, खरबरीत, जळकं काहीतरी होतं.

"हवा अडवायला आर्गॉन गॅस सोडला होतास?"

"सोडला की, वेल्डिंगच्या टॉर्चमधून."

"आणि आतून?"

तिसऱ्यांदा मी दोन्ही तोंडं टेपनं बंद केली आणि खालून आर्गॉन सोडला. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे हवा वरून निघून जाणार. जाणार कुठून, हा प्रश्न मला पडला नाही. जोड पुरा व्हायला बोटभर राहिला असताना आत कोंडलेल्या गॅसनं वितळलेला धातू फुर्रकन माझ्याच दिशेनं थुंकला. काचेमागून मी पाइपची माफी मागितली.

चौथ्या वेळी वरच्या टेपला भोक पाडलं. काकांनी आत बराच वेळ पाहिलं. "चंदेरी आहे," ते म्हणाले. मी फोन काढला. त्यांनी पाइप फिरवला, एका ठिपक्यावर नख ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "जोड धरून ठेवायचा हा टॅक कुठल्या रॉडनं मारलास?"

मी एमएसच्या रॉडच्या डब्याकडे पाहिलं. झाकण उघडंच होतं.